पिल्लू काचेत, खाडी वाऱ्यावर

जूनमधला पहिला दमदार पाऊस झाला की रायगडातल्या पेण-रोह्याकडे वलगण सुरू होते. ओढे, नाले, भाताची खाचरे एक होतात आणि पोटात गाभोळी घेतलेले मासे उलट्या पाण्याने वर चढू लागतात. आगरी असो, कोळी असो, कातकरी असो, त्या रात्री माणसे विजेरी आणि पाग घेऊन शेताच्या बांधावर उतरतात. खाडीकाठच्या घरांत याच दिवसांत गाभोळीने तटतटलेल्या चिवण्यांचे कालवण शिजते. म्हणजे विणीला निघालेला मासाच आपण हौसेने खातो. वलगण पूर्वीसारखी राहिली नाही ही तक्रार आता गावोगाव ऐकू येते, तरी पुढच्या जूनमध्ये मासे येतात हेही खरे.

मासेमारीबद्दलची आपली सगळी समजूत या अनुभवावर उभी आहे. मासा म्हणजे लाखो अंडी. त्यातली बहुतेक वाया गेली तरी उरलेली नदी भरून काढतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, तिच्यामागेही हेच गणित आहे: दोन महिने जाळी वर ठेवा, विणीला उसंत द्या, बाकीचे समुद्र बघून घेईल. बांगडा, बोंबील, कोळंबी यांच्यापुरते ते गणित बऱ्यापैकी लागू पडते.

समुद्रात एक घराणे मात्र या हिशेबात बसतच नाही. मुशी, पाकट आणि पाकटाचा भाऊबंद स्केट यांचे ते घराणे. यांच्या अंगात हाड नसते, सगळा सांगाडा कूर्चेचा. पाकट आणि स्केट दोघेही चपटे, तळाला चिकटून राहणारे. फरक विणीत आहे. पाकट पिल्ले पोटात वाढवते आणि जिवंत पिल्ले देते. स्केट अंडी घालते, पण ती चिवण्यांच्या गाभोळीसारखी नाहीत. एका वेळी दोन, क्वचित एक. प्रत्येक अंडे चामड्यासारख्या चिवट, चौकोनी पिशवीत बंद असते आणि पिशवीच्या चार कोपऱ्यांना चार शिंगे असतात. ही पिशवी तळावरच्या दगडगोट्यांत नाहीतर शेवाळात अडकून राहते आणि आई निघून जाते. आत पिवळा बलक आणि त्याला जोडलेला जीव. त्यापुढे कित्येक महिने त्याचे तो बघतो.

खरे स्केट आपल्याकडे खोल पाण्यात राहतात. धरमतर किंवा रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी लावलेल्या डोळीच्या जाळ्यात सापडतात ती पाकटे आणि लहान मुशी. मुशींतली एक मात्र स्केटसारखीच अंडी घालणारी आहे. बांबू शार्क म्हणून ओळखली जाणारी ही हातभर लांबीची, तळाशी पडून राहणारी मुशी अरबी समुद्राच्या या काठावरची रहिवासी आहे. तिची अंडी दोन-अडीच महिन्यांत फुटतात, टाकीत ती सहज वीण करते, म्हणून जगभरच्या मत्स्यालयांची ती लाडकी आहे. अंडी घालणारी असो की पिल्ले देणारी, या साऱ्या घराण्याचा स्वभाव एकच: उशिरा वयात येणे, थोडी पिल्ले देणे आणि त्या पिल्लांवर भरपूर खर्च करणे. लाखांतून दोन जगवण्याऐवजी थोड्यांतूनच दोन जगवायची अशी ही रीत आहे. कोट्यवधी वर्षे ती चालली, कारण मोठ्या पाकटाला किंवा मुशीला मारणारे समुद्रात फारसे कुणी नव्हते. जाळे आले आणि हीच रीत या घराण्याच्या मुळावर आली.

अशा जातींची संख्या घटू लागली की एक उपाय हमखास सुचवला जातो: टाकीत वाढवू, टाकीतच वीण करवू, पिल्ले मोठी झाली की समुद्रात सोडू. उपाय आकर्षक आहे. त्यात शास्त्रज्ञ दिसतात, निधी दिसतो, पिल्लू दिसते, छायाचित्र दिसते. माझे म्हणणे असे, की बंदिवासातली वीण हे जाणण्याचे फार मोठे साधन आहे, पण वाचवण्याचे साधन ती एकाच अटीवर होते. पिल्लू जिथे परत जायचे ते पाणी जागेवर असले पाहिजे. ती अट न पाळता टाकी उभी राहिली, तर ती खाडीच्या मरणाची सबब होऊन बसते.

आधी जाणण्याचे बोलू, कारण त्याचे श्रेय द्यायलाच हवे. स्केटच्या खासगी आयुष्याबद्दल आज जे माहीत आहे त्यातले बरेचसे टाकीतून आले आहे. समुद्राच्या तळावर मादी किती दिवसांनी अंडी घालते हे बघत कुणी बसू शकत नाही. इंग्लंडमध्ये लोवेस्टॉफ्टच्या मत्स्य प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास टाकीतल्या माद्यांची अंडी मोजली गेली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या मोट सागरी प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात एका जातीच्या स्केटची पूर्ण वीण नोंदवली गेली. मादी सरासरी चार-साडेचार दिवसांनी अंड्यांची एक जोडी घालते, नराचे शुक्राणू कित्येक आठवडे पोटात साठवून ठेवते आणि पिल्लू बाहेर यायला सुमारे तीन महिने लागतात. टाकीजवळची माणसे अंड्यामागे दिवा धरून आतला जीव पाहतात. कधी पिशवीचा छोटा तुकडा कापून तिथे पारदर्शक झडप बसवतात आणि वाढ दिवसागणिक टिपतात.

त्या झडपेतून दिसलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सुरुवातीला पिशवी पूर्ण बंद असते. काही काळाने शिंगांच्या टोकांशी बारीक फटी उघडतात. मग आतला जीव आपले शेपूट एका शिंगात घालून ते सतत हलवत राहतो. त्या हालचालीने एकीकडून पाणी आत येते, दुसरीकडून बाहेर जाते, आणि त्या पाण्यातला प्राणवायू त्याला मिळतो. एवढ्यात एखादा शिकारी मासा जवळून गेला तर? प्रत्येक सजीवाभोवती विजेचे अतिसूक्ष्म क्षेत्र असते आणि अंड्यातल्या या जिवाला ते कळते. तो शेपूट थांबवतो, श्वास थांबवतो, निपचित पडतो. स्केटच्या गर्भाचा हा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. बांबू शार्कचे गर्भही असेच थिजतात हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले. जन्माआधीच शत्रू ओळखणाऱ्या या जिवाला शत्रूपासून सुटण्याचे साधन आहे, पण पाण्यातला प्राणवायूच संपला तर कुठलेही साधन नाही. तो पिशवी सोडून जाऊ शकत नाही. शेपूट हलवत राहतो, आणि येणाऱ्या पाण्यात काही नसते.

टाकीत मोजलेले आकडे कागदावर मांडले की काय होते तेही पाहण्यासारखे आहे. उत्तर अटलांटिकमधला सर्वांत मोठा स्केट दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर वयात येतो आणि वर्षाला चाळीसच्या आसपास अंडी देतो. १९८१ साली ब्रँडर या शास्त्रज्ञाने हे गणित मांडून दाखवले, की आयरिश समुद्रातून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला आहे, आणि त्यासाठी कुणी खास त्याच्या मागे लागण्याची गरजही पडली नाही. दुसऱ्या माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत तो आपोआप संपला. एवढा मोठा, एवढा ओळखीचा मासा नाहीसा झाला आणि कुणाच्या लक्षातही आले नाही, कारण बाजारात सगळे स्केट एकाच नावाने विकले जात. आपल्या बंदरावर सगळी पाकटे एकाच ढिगात पडतात, तेव्हा हे उदाहरण आठवावे.

मिळालेल्या ज्ञानाचे पुढे काय करायचे यावर सगळे अवलंबून असते. त्यासाठी दोन देश शेजारी ठेवून पाहू.

स्कॉटलंडमध्ये त्याच महाकाय स्केटचे एक अंडे ऑर्कनी बेटांवर टाकीत ठेवले गेले. पिल्लू बाहेर आले ते ५३४ दिवसांनी, म्हणजे जवळपास दीड वर्षाने. या एका आकड्याने मोठाच प्रश्न निकालात काढला. अंडे दीड वर्ष तळावर पडून राहणार असेल, तर ‘विणीच्या हंगामापुरती बंदी’ या शब्दांना अर्थच राहत नाही. तळ खरवडणारे जाळे वर्षात एकदा फिरले तरी पुरे. स्काय बेटाजवळ पाणबुड्यांना अशी शंभराहून अधिक अंडी सापडली तेव्हा, मार्च २०२१ मध्ये, तिथल्या सरकारने तातडीने तो भाग सागरी संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि पुढे तो कायमचा केला. टाकीतून निघालेला आकडा आणि समुद्रातला निर्णय इथे एकाच दिशेने गेले.

टास्मानियात उलटे झाले. तिथल्या मॅक्वारी हार्बर या जवळजवळ बंदिस्त खाडीत मॉजियन स्केट राहतो. आज तो जगात दुसरीकडे कुठे सापडत नाही. या खाडीत सॅमन माशांची पिंजराशेती आहे. खाद्य आणि विष्ठा कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, वरच्या नद्यांच्या बांधलेल्या प्रवाहाचाही परिणाम होतो, आणि खोल तळाशी, जिथे स्केटची अंडी पडतात तिथेच, प्राणवायू सर्वांत कमी असतो. २०१४ ते २०२१ या काळात स्केटची संख्या ४७ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज टास्मानिया विद्यापीठाच्या सागरी संस्थेने दिला. मग डिसेंबर २०२३ मध्ये काही स्केट पकडून टाकीत आणले गेले. मादीने टाकीत अंडी घातली, जुलै २०२४ मध्ये त्यातून पहिले पिल्लू निघाले, बातमी जगभर गेली. आणि मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. त्या खाडीतल्या सॅमनशेतीच्या जुन्या मंजुरीचा फेरविचार करण्याची वाट या दुरुस्तीने बंद केली. पिल्लाला टाकी मिळाली, पिंजऱ्यांना कायदा मिळाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टास्मानियातल्या शास्त्रज्ञांना मी दोष देत नाही. घर जळत असताना लेकरू बाहेर काढणाऱ्याला कुणी नावे ठेवत नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे जिला टाकीतले पिल्लू दाखवून खाडीचा निर्णय पुढे ढकलता येतो.

बंदिवासात वीण झाली म्हणजे सगळे आलबेल आहे असे समजण्यातही गफलत आहे. ऑस्ट्रेलियातच टाऊन्सव्हिलच्या मत्स्यालयात लिओनी नावाची झेब्रा शार्क बरीच वर्षे नराविना होती. २०१६ साली तिने घातलेल्या अंड्यांतून पिल्ले निघाली, बाप नसताना. शास्त्राच्या दृष्टीने हा चमत्कारच होता, पण त्या पिल्लांत वंशाची विविधता नव्हती. वीण झाली एवढ्यावरून वंश सुरक्षित आहे असे ठरत नाही.

आता घराकडे येऊ. बंदिवासातल्या विणीचा इतिहास आपल्यालाही नवा नाही. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसातल्या अंगुळ इथे संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवून आणली. रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यजिरे आज तळ्यातळ्यांत सोडले जाते ते त्या दिवसामुळे. भारताच्या ताटात मासा वाढला. हे यश मोठे आहे आणि ते लाखो अंडी देणाऱ्या माशाचे आहे, हे त्याच दमात सांगायला हवे. वर्षाला चाळीस अंडी देणाऱ्या जातीला ते लागू होत नाही. कार्पची एक मादी जेवढे मत्स्यजिरे देते तेवढ्यासाठी स्केटच्या हजारो माद्या टाक्यांत ठेवाव्या लागतील.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी डोक्यावरचे आहे. टाटांच्या मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत येते आणि म्हणून ही नदी भर उन्हाळ्यातही कोलाड-रोह्यापर्यंत वाहती असते. याच टाटा जलविद्युत योजनांपैकी लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी १९७०च्या दशकात महसीर माशाची कृत्रिम वीण सुरू झाली. नदीतून ओसरत चाललेला हा दणकट मासा तिथे लाखोंनी तयार झाला आणि देशभरच्या पाण्यांत सोडला गेला. हेतू चांगला, काम चिकाटीचे. पण तो कावेरीतही सोडला गेला. कावेरीत त्याचाच एक चुलत भाऊ होता, पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी पराचा महसीर, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. सोडलेला मासा फोफावला, मूळचा हटत गेला. त्या मूळच्या माशाला शास्त्रीय नाव निश्चित झाले २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या जातींच्या यादीत गेला. टाकीतल्या विणीने एका जातीला हात दिला आणि दुसरीच्या पायाखालची जमीन काढून घेतली. कुठले बीज कुठल्या पाण्यात सोडायचे, हा प्रश्न बीज तयार करण्याइतकाच मोठा होता. तो वेळेवर विचारला गेला नाही.

याच महसीरासाठी रायगड जिल्ह्यात एक वेगळी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महाडजवळ सावित्रीच्या खोऱ्यात वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर देवी आहे, डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. ना टाकी, ना इंजेक्शन, ना अनुदान. श्रद्धेचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. वरच्या अंगाने नदीत विष आले तर देवीचा डोह तरी काय करणार? सांगायचे एवढेच, की तिथे मासा आणि पाणी यांची ताटातूट झालेली नाही, म्हणून विणीची चिंता कुणाला करावी लागली नाही.

पेणच्या खारपट्ट्यात हाच प्रश्न जिताड्याच्या रूपाने समोर उभा आहे. पेण-अलिबागच्या खाडीकाठी शेतकऱ्यांच्या शेततळ्यांत जिताडा वाढतो, पाहुणा आला की तळ्यातून निघतो, त्याच्या चवीवर आणि भावावर चर्चा रंगते. या माशाचे आयुष्य मोठे गमतीचे. तरुणपणी तो नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. अंडी घालायला त्याला समुद्राचे खारे पाणी लागते, पिल्ले मात्र उधाणाच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात. त्यामुळे शेततळ्यात तो पोसला जातो, पण तिथे त्याची वीण होत नाही. पिल्ले खाडीतून आणावी लागतात. म्हणजे तळे खासगी, पण त्याची नाळ खाडीला जोडलेली. उघाडीतून आत येणारे पाणी स्वच्छ आहे का, यंदा खाडीत पिल्लू आहे का, हे तळेवाल्याला कळायलाच हवे, कारण त्याचा धंदा त्यावर अवलंबून आहे.

१९९७ साली चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने जिताड्याची बंदिवासात वीण यशस्वी केली आणि तामिळनाडूतल्या उबवणी केंद्रांतून बोटुकली मिळू लागली. तळेवाल्याच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे आणि खाडीतल्या जंगली पिल्लांवरचा ताणही तिने कमी होतो. हे दोन्ही फायदे मी मान्य करतो. पण त्याबरोबर एक धागा तुटतो. बोटुकली प्राणवायू भरलेल्या पिशवीतून दूरवरून येऊ लागली, की तळेवाल्याला खाडीची गरज उरत नाही. काल जो माणूस खाडीत पिल्लू का दिसत नाही म्हणून ओरडला असता, तो आज फोनवर पुढच्या खेपेची मागणी नोंदवतो. खाडीच्या बाजूने बोलणारा एक हितसंबंधी माणूस कमी झाला. बंदिवासातल्या विणीचा हा परिणाम कुठल्या अहवालात येत नाही, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. बीज विकत मिळू लागले की पाण्याची राखण करणारे हात गळू लागतात.

आणि राखण करण्यासारखी परिस्थिती इथे आहेच. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने कुंडलिकेच्या काठी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि कुंडलिकेचा खालचा, खारा पट्टा त्यात होता. पेणकडे अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते, तिथे डोलवीचा पोलाद कारखाना आहे, बंदर आहे, बार्जेसची ये-जा आहे. हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. कारखाना नको, धरण नको असे म्हणण्याचा हा लेख नाही. पण खाडीचा गाळ ढवळला जातो, गोडे पाणी कमी-जास्त होते, सांडपाणी येते, तेव्हा सर्वांत आधी बळी जातो तो तळाला राहणारा जीव. पाकट तळाला राहते. मुशी आणि स्केट अंडी तळाला ठेवतात. आपल्याला दिसतो तो पाण्याचा वरचा पापुद्रा.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. खारपट्ट्यातला शेतकरी म्हणेल, तुम्ही माशाचे बोलता, इथे आमची शेती बुडाली त्याचे काय? त्याचे दुःख खरे आहे. पूर्वी गाव एकत्र येऊन खारबंदिस्ती राखायचे. ती जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली, १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा झाला, पण बांध फुटायचे थांबले नाहीत. बांधाला खांड पडली की उधाणाचे पाणी भातात शिरते, दोन-चार वर्षांत तिथे कांदळवन उगवते आणि मग त्या जमिनीला हात लावायला बंदी येते. शेतकऱ्याला कांदळवन म्हणजे जमीन गिळणारे झाड वाटू लागले तर त्यात नवल नाही. पण त्याचा शत्रू पाकट नाही, कांदळवनही नाही. वेळेवर न बांधलेला बांध हा त्याचा शत्रू आहे. बांध जागेवर राहिला तर आत भात आणि बाहेर मासा, अशी वाटणी या भागाने शतकानुशतके चालवून दाखवली आहे. आपल्या जमिनीबद्दल काय वाटते हे ठणकावून सांगण्याची ताकदही इथल्या गावांत आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणमधल्या हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांचे महामुंबई सेझबद्दल, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राबद्दल, सार्वमत झाले आणि लोकांनी जमीन द्यायला नकार दिला. खाडीबद्दल असे मत कुणी आजवर विचारले नाही, कारण खाडी कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते.

दुसरा आक्षेप कोळ्यांचा. डोळीत पाकट आले तर परत टाकायचे? पोट कशाने भरायचे? यालाही उत्तर आहे आणि ते महाराष्ट्रानेच शोधले आहे. संरक्षित सागरी जीव जाळ्यात अडकला आणि तो सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८च्या अखेरीपासून आहे. तिच्यामुळे कासवे सुटली, बहिरी मासे, म्हणजे व्हेल शार्कही सुटले. आधी फोटो, मग भरपाई असा तिचा सरळ रस्ता आहे. पोटात पिल्ले असलेल्या मोठ्या पाकटाच्या माद्यांना या योजनेत जागा करून द्यायला कुठलाही परदेशी तज्ज्ञ लागत नाही. टाकीत एक पिल्लू वाढवण्याचा खर्च आणि एक गाभण मादी जिवंत सोडण्याची भरपाई यांची तुलना कुणी सहकारी सोसायटीच्या वहीत मांडून पाहावी.

कायद्याचा आधारही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली करवत मासा आणि काही मुशी-पाकटे आली. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकाराची अटही घातली. पण किमान आकार हे लाखो अंडी देणाऱ्या माशाचे औषध आहे. बोंबील लहान असताना पकडू नये हे बरोबर. पाकटाच्या बाबतीत मोठी मादी वाचवणे त्याहून मोलाचे, कारण तिने वयात यायला घेतलेली वर्षे परत मिळत नाहीत. लहान सोडा आणि मोठे पकडा, हा नियम इथे उलटा पडतो. ६१ दिवसांच्या बंदीचीही तीच गत. वर्षभर गाभण राहणाऱ्या किंवा महिनोन्‌महिने तळावर अंडी ठेवणाऱ्या जिवाला पावसाळ्याच्या दोन महिन्यांचा दिलासा अपुरा आहे. चिवण्यांचा नियम पाकटाला लावायचा आणि मग पाकटे कमी का झाली म्हणून टाकी बांधायची, हे शहाणपण नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक: सगळे सुधारेपर्यंत थांबलो तर मासाच संपेल, मग स्वच्छ पाण्याचा उपयोग काय? म्हणून बंदिवासातली वीण सरसकट नाकारता येणार नाही. इंडोनेशियातल्या राजा अम्पातचे उदाहरण याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. तिथून झेब्रा शार्क जवळपास नाहीशी झाली होती. परदेशी मत्स्यालयांतल्या माद्यांची अंडी विमानाने तिथे पाठवली गेली, गावच्या माणसांनी पिल्ले वाढवली आणि जानेवारी २०२३ मध्ये पहिली पिल्ले समुद्रात सोडली गेली. पण क्रम पाहा. त्याआधी दहा-पंधरा वर्षे तिथे सागरी संरक्षित क्षेत्रे उभी राहिली होती, मुशींच्या शिकारीला बंदी आली होती, राखण करणारी माणसे नेमली गेली होती. पाणी आधी, अंडे नंतर. म्हणून तिथे बंदिवासातल्या विणीला अर्थ आला. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्या आजीने सांगितलेलेच शास्त्र आहे.

उद्या धरमतर किंवा रेवदंड्याच्या काठी कुणी मुशी-पाकटांचे प्रजनन केंद्र काढायचा प्रस्ताव आणला, तर त्याला विरोध करू नये. त्याला चार प्रश्न विचारावेत. पिल्ले कुठल्या पाण्यात सोडणार, आणि त्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू किती आहे हे वर्षभर कोण मोजणार? ते आकडे बंदरावर फळ्यावर लिहिले जाणार की फायलीत राहणार? माद्या कुठल्या खाडीतून आणणार आणि पिल्ले दुसऱ्याच खाडीत सोडून कावेरीची पुनरावृत्ती तर करणार नाही ना? आणि त्याच खाडीतल्या जाळ्यांत येणाऱ्या गाभण माद्यांसाठी केंद्राच्या निधीतला किती हिस्सा ठेवला आहे? या चारांची उत्तरे असतील तर केंद्र जरूर व्हावे. नसतील तर तो निधी आधी बंदरावर वापरावा: कुठले पाकट, नर की मादी, पोटात पिल्ले होती का, एवढे रोज लिहून ठेवणाऱ्या मुलामुलींना पगार द्यायला. पेणच्या किंवा रोह्याच्या महाविद्यालयातला कुणीही विद्यार्थी हे काम शिकू शकेल. पाकटांची नावे तर कोळणींना आधीच माहीत आहेत.

टाकीतली वीण आपल्याला सांगते की अंडे किती दिवस पडून राहते, जीव कसा श्वास घेतो, मादी वर्षाला किती देते. हे सगळे आकडे शेवटी एकच गोष्ट सांगतात: हा मासा घाईने भरून येणारा नाही. ज्याला हे कळले त्याने खाडीकडे वळले पाहिजे, टाकीपाशीच थांबून चालणार नाही. प्रजननाचा प्रयोग यशस्वी झाला की नाही याचा निकाल पिल्लू फुटले त्या दिवशी लागत नाही. ते पिल्लू मोठे होऊन, खाडीच्या तोंडाशी, कुणाच्याही मदतीविना स्वतः विते, त्या दिवशी लागतो. तोवर त्या प्रयोगाला संवर्धन म्हणण्याची घाई करू नये, आणि त्याच्या नावावर खाडीतले सांडपाणी माफ तर मुळीच करू नये.